एवढीशी रेघ

रविवारी सकाळी भाची लॅपटॉप काखोटीला मारून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, तुझा तो सी कंपायलर बिघडलाय."

‘तुझा’ म्हणजे जणू १९७२ साली बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवणाऱ्या डेनिस रिचीच्या शेजारच्या टेबलावर मीच बसत होतो. पण घरात कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं आधार लिंक होईना, की ते ‘माझं’ असतं, याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आईने आतून विचारलं, "कोण बिघडलंय?" आणि उत्तराची वाट न बघता पोह्यांना फोडणी दिली.

भाची नाचणीवर पीएचडी करते. पाण्याचा ताण पडला की नाचणीची कुठली जनुकं जागी होतात हे ती अर्धा तास सांगू शकते, आणि समोरच्याला कळेल असं सांगते. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, मात्र तिच्या लेखी मिक्सरसारखा, बटण दाबलं की फिरला पाहिजे. तिला सॅमटूल्स हवं होतं. जनुकक्रमाच्या अवाढव्य फायली चाळायला ही मंडळी ते वापरतात. विभागाच्या सर्व्हरवर होतं ते जुनं, नवं बसवायचे अधिकार तिच्याकडे नाहीत, तेव्हा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून आपल्याच होम डिरेक्टरीत कंपाइल करून घ्यायचा एवढाच मार्ग उरला. लॅबमधल्या एका सीनियरने नव्या मुलांसाठी चार पानी टिपण करून ठेवलंय. त्याबरहुकूम ती एकेक ओळ करत गेली. कॉन्फिगर चालवलं, चार-सहा ओळी भराभर सरकल्या आणि थांबल्या. ‘चेकिंग व्हेदर द सी कंपायलर वर्क्स’, पुढे तीन टिंबं, आणि ‘नो’. खाली निकाल: ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स. सी कॉन्फिग डॉट लॉग फॉर मोअर डीटेल्स.’

देवनागरीत लिहिलं की दोन्ही ‘सी’ अगदी सारखे दिसतात. पहिला भाषेचा, दुसरा ‘बघा’ म्हणणारा. लोक पहिला वाचतात, घाबरतात आणि दुसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

हा निरोप म्हणजे कंपायलरवर ठेवलेला आरोप आहे, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात या आरोपात कंपायलर जवळजवळ कधीच दोषी निघालेला नाही. कॉन्फिगर नावाची ती स्क्रिप्ट काय करते, तर खरं काम सुरू करण्याआधी एक चिमुकला प्रोग्राम स्वतःच लिहिते आणि तो कंपाइल होतो का ते बघते. प्रोग्राम इतका लहान की त्यात चूक करायला जागाच नाही. मेन नावाचं फंक्शन, महिरपी कंस, आत एका ओळीवर एकटाच उभा असलेला अर्धविराम, आणि मग ‘रिटर्न शून्य’. तो एकटा अर्धविराम मला फार आवडतो. चाचणीचा मजकूर जिथे यायचा ती जागा रिकामी, म्हणून नुसता अर्धविरामच उरलाय. पाहुणा आलाच नाही, पाट मात्र मांडलेला. सीमेक नावाच्या अशाच दुसऱ्या साधनाचा नमुना थोडा वेगळा असतो. तो प्रोग्रामला मिळालेल्या शब्दांच्या संख्येतून एक वजा करून परत देतो. पण कल्पना तीच. ज्यात दोष असूच शकत नाही असं काहीतरी द्यायचं, आणि ते तरी जमतंय का ते पाहायचं.

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झीने या कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ सुरू केलं तेव्हा युनिक्सच्या घरी इतके सवते सुभे होते की कुठल्या मशीनवर काय सापडेल याचा नेम नसे. त्यामुळे गृहीत काहीच धरायचं नाही, सगळं विचारून घ्यायचं, असा त्याचा खाक्या. कंपायलर आहे का? चालतो का? त्याने केलेली वस्तू चालते का? मुलगी बघायला आलेल्या जुन्या वळणाच्या आत्याबाईंसारखा. तेव्हा ते गरजेचं होतं. आज ते वाचताना जरा हसू येतं, आणि एखाद्या रविवारी येत नाही.

माझी स्वतःची या प्रकाराशी ओळख खूप आधीची. डिप्लोमाला असताना आमच्या लॅबमध्ये टर्बो सी होतं, बोरलँडचं, निळ्या पडद्याचं. १९८७ साली ते बाजारात आलं आणि आमच्याकडे कितव्या हाताने आलं ते देव जाणे. इन्स्टॉल करणं हा प्रकार आमच्या लॅबला ठाऊक नव्हता. एका मशीनवरचं फोल्डर उचलून दुसऱ्यावर टाकायचं, झालं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला माझ्या वाट्याला खिडकीजवळचं मशीन आलं. प्रोग्राम साधाच होता, मॅट्रिक्सचा गुणाकार. एफ नाइन दाबलं, तर ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’. घाबरून मी इन्क्लूडच्या ओळी काढल्या. मग लिंकर म्हणाला, ‘अनेबल टू ओपन फाइल सी झिरो एस डॉट ओबीजे’. या नावाची फाइल मी कधी मागितलीच नव्हती! मी एकेक ओळ उडवत गेलो. गुणाकार गेला, लूप गेले, व्हेरिएबल गेली. शेवटी पडद्यावर उरलं ते रिकामं मेन आणि दोन महिरपी कंस. तरीही सी झिरो एस.

बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय हो, प्रोग्राम कुठाय?" मी म्हटलं, "सर, होता."

मग लॅब असिस्टंट आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑप्शन्स, त्यात डिरेक्टरीज, तिथे सी ड्राइव्हचा पत्ता होता तो डी केला, आणि निघून गेले. फोल्डर डीवर होतं, सेटिंग अजून सीच्या घरी पत्रं टाकत होती. गुणाकार पुन्हा लिहायला वीस मिनिटं उरली होती. लिहिला.

सी झिरो एस म्हणजे काय हे कळायला पुढे तीन-चार वर्षं गेली. प्रोग्राम मेनपासून सुरू होतो असं आपल्याला शिकवतात, ते लग्न अक्षतांपासून सुरू होतं म्हणण्यासारखं आहे. आधी मांडव घालावा लागतो. तो घालणारा एक छोटा तयार तुकडा प्रत्येक प्रोग्रामच्या पुढे गुपचूप जोडला जातो. टर्बो सीमध्ये तो सी झिरो एस, लिनक्सवर त्याचं नाव सीआरटी वन डॉट ओ. आणि जोडणारा तरी कोण? जीसीसी, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा सी कंपायलर, हा नुसता मुकादम आहे. सी वाचून असेंब्ली करणारा वेगळा, त्याचं नाव सीसी वन. असेंब्लीचं यंत्राच्या भाषेत करणारा वेगळा, आणि सगळे तुकडे सांधून एक वस्तू करणारा लिंकर आणखी वेगळा. मुकादम फक्त हाका मारतो आणि एकाचं काम दुसऱ्याच्या हातात देतो. मधला माल ठेवायला त्याला टेंप फोल्डरमध्ये जागा लागते. म्हणून रिकामा प्रोग्राम कंपाइल होत नसेल तर कुठला गडी आलेला नाही, कुठलं सामान आलेलं नाही, की माल ठेवायला ओसरी नाही, एवढाच प्रश्न उरतो.

एकदा ओसरीच नव्हती. रात्री साडेअकराला एका सर्व्हरवर हाच निरोप, आणि लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क बघितली तर निम्मी मोकळी. पुन्हा बघितली, पुन्हा निम्मी मोकळी. तासभर मी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की मशीनवर, याच वादात होतो. झालं असं होतं, की एका वेबसाइटने लाखो बारक्या सेशन फायली करून ठेवल्या होत्या आणि आयनोड संपले होते. आयनोड म्हणजे फाइलची पावती. गोदामात जागा आहे, पण पावती पुस्तक संपलंय, आणि पावतीशिवाय माल आत घ्यायचा नाही असा नियम. जागा विचारायची आज्ञा वेगळी आणि पावत्या विचारायची वेगळी, हे त्या रात्रीपासून माझ्या बोटांत बसलं.

दुसऱ्या एका वेळी जीसीसी होता, पण सी लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज कुणी बसवलंच नव्हतं, म्हणजे सीआरटी वनचा पत्ता नाही. मॅकवर ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाल्यावर कमांड लाइन टूल्स गायब होतात, तो तर दरवर्षीचा सण आहे. आणि काही ठिकाणी कंपायलर मुद्दाम काढून टाकलेला असतो. त्याची एक गोष्ट आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेला ‘मॉरिसचा किडा’ नावाचा घुसखोर प्रोग्राम प्रत्येक नव्या मशीनवर आधी सी भाषेतला ९९ ओळींचा छोटा प्रोग्राम पाठवायचा आणि त्या मशीनच्याच कंपायलरकडून तो कंपाइल करून घ्यायचा. चोराने येऊन घरातल्याच पहारीने कपाट फोडावं तसं. सर्व्हरवर पहार ठेवायचीच नाही असं म्हणणारे लोक आहेत, ते काही उगाच नाही.

तर भाचीचा लॉग. तिने तो आधीच उघडला होता, याबद्दल तिला शाबासकी दिली पाहिजे. बरेच जण उघडतही नाहीत. पण कॉन्फिग डॉट लॉग ही वाचायला फसवी चीज आहे. सुरुवात पूजेच्या संकल्पासारखी: भरतवर्षे भरतखंडे, अमुक यंत्रे, अमुक प्रणाली, अमुक पथे. शेवटी भली मोठी यादी आणि ‘एक्झिट ७७’. सवयीने आपण शेवट बघतो, तिथे काही नसतं. मधे कुठेतरी दोन ओळींत खरी गोष्ट दडलेली असते, आणि तिच्या आधी एक चकवा. कंपायलरचं नाव-गाव विचारताना कॉन्फिगर वेगवेगळ्या भाषांत विचारून बघतो. जीसीसीच्या पद्धतीने, मग मोठ्या व्हीने, मग आयबीएमच्या कंपायलरला कळणाऱ्या ‘क्यूव्हर्जन’ने. जीसीसीला शेवटचे दोन कळत नाहीत, तो ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन’ म्हणून ओरडतो, आणि लॉगमध्ये ती पहिली ‘एरर’ म्हणून उमटते. तिचा मूळ दुखण्याशी काडीचा संबंध नसतो. भाची शनिवारची अख्खी रात्र क्यूव्हर्जनच्या मागे लागली होती. या चकव्यात मीही एकदा दोन दिवस घालवलेत, म्हणून हसलो नाही. फारसं.

"लॅबमधल्या तुझ्या शेजारच्या मुलाला त्याच सर्व्हरवर हेच चालवायला सांग," मी म्हटलं. तिने व्हॉट्सॲपवर विचारलं. पोहे संपेपर्यंत उत्तर आलं: त्याच्याकडे ‘येस’. म्हणजे मशीन ठणठणीत, गडी हजर, ओसरी मोकळी. मग मी तिच्याच खात्यात तो रिकामा प्रोग्राम हाताने लिहिला आणि नुसत्या जीसीसीने कंपाइल केला. झाला. म्हणजे कंपायलर चालतो, तिच्या हातूनही चालतो, पण कॉन्फिगरने हाक मारली की चालत नाही.

मग लॉगमधली ती हाक शोधली. जीसीसी, डॅश जी, डॅश ओ टू, आणि चाचणीची फाइल. खाली उत्तर: ‘ओ टू, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, ओच्या आधी तो डॅश होताच.

"हे मी वाचलंय," भाची म्हणाली. "मला वाटलं त्या नावाची फाइल हवीय. मी एक रिकामी करूनसुद्धा ठेवली. मग लिंकर म्हणाला, ही फाइल मला ओळखू येत नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो. बावळटपणा म्हणावा तर नाही. यंत्राने मागितलं, तिने दिलं. पण डॅश ओ टू ही फाइल नव्हेच. कोड किती घोटायचा, किती जलद करायचा, हे सांगणारी ती खूण. जीसीसी रोज लाखो वेळा ती ऐकतो. ‘डॅश जी’ त्याला कळलं आणि त्याच श्वासात म्हटलेलं ‘डॅश ओ टू’ फाइल वाटलं, असं कसं? पडद्यावर दोन्ही डॅश सारखेच. मी नाक लावून बघितलं. टर्मिनलच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला सारख्या मापाची खोली असते. त्या खोलीत रेघ थोडी आखूड की थोडी लांब, हे चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना काय कळणार.

डोळ्यांनी दिसेना तर आकडे विचारायचे. कंपायलरला द्यायच्या खुणा साठवणाऱ्या सी फ्लॅग्ज या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो मजकूर होता. तो ओडी नावाच्या आज्ञेला दिला. ती एकेक बाइट उघडून दाखवते, न दिसणाऱ्याचे आकडे अष्टमानात. आलं ते असं: डॅश, जी, मोकळी जागा, आणि मग ३४२ २०० २२३, ओ, दोन.

पहिला डॅश डॅशच होता. दुसरा तीन बाइटांचा निघाला. की-बोर्डवरची रेघ एका बाइटात मावते, आस्कीत तिचा नंबर ४५. तीन बाइट लागतात ते आपल्या अक्षरांना. देवनागरी ‘क’ उघडला तर ३४० २४४ २२५ दिसेल. आणि ३४२ २०० २२३ म्हणजे युनिकोडातली लांब रेघ, एन डॅश. जीसीसीच्या दृष्टीने जो शब्द छोट्या रेघेने सुरू होत नाही तो फाइलचं नाव. त्याचं काही चुकलं नव्हतं.

"टिपणातून कॉपी केलंस?"

"हो. पण कोट्स वाकडे आले होते, बॅशने एरर दिली. ते मी हाताने नीट केले ना!"

इथे तिचा जीव गुंतला होता आणि तो योग्यच होता. टिपण वर्डमध्ये लिहिलेलं. वर्डला सरळ अवतरणचिन्हं बघवत नाहीत, तो त्यांना डौलदार करतो. ती शेलला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या बॅशला, चालली नाहीत, शेल बोलला, तिने सुधारली. मोकळ्या जागेनंतर आलेली छोटी रेघही वर्ड लांब करतो. पहिली अवतरणचिन्हाला चिकटून होती म्हणून वाचली, दुसरी मोकळ्या जागेनंतर होती म्हणून वर्डच्या तावडीत सापडली. तिच्याबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. बॅशआरसी नावाच्या फायलीत ती ओळ गेली, प्रत्येक लॉगिनला वाचली गेली, आणि सॅमटूल्सच काय, कॉन्फिगरवालं जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तिच्या खात्यात कंपाइल होईनासं झालं.

बॅशआरसी उघडून मी ती रेघ पुसली आणि की-बोर्डवरची दाबली. पुन्हा लॉगिन. ‘वर्क्स’, तीन टिंबं, ‘येस’. पुढे कॉन्फिगर आपल्या शंभर चौकश्यांना लागला.

आई एव्हाना चहा घेऊन येऊन बसली होती. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात तिने एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. आता अठ्ठ्याहत्तर आहे आणि वर्तमानपत्राच्या समासात अजून पेन्सिलने खुणा करते. काय सापडलं म्हणून तिने विचारलं. मी समजावायला सुरुवात केली, की बघ, दोन रेघा असतात, दिसायला सारख्याच, पण—

"सारख्या कशा?" ती म्हणाली. "एक संयोगचिन्ह, एक अपसारणचिन्ह. एक जोडतं, एक थांबवतं. आमच्या जुळाऱ्याच्या केसमध्ये दोन्हींचे खिळे वेगळ्या खणात असायचे. नवा पोरगा आला की हमखास एकाच्या खणात दुसरा टाकायचा. मग सगळ्या फर्म्यात ‘आई–वडील’ असे लांब लांब."

"पण इथे दिसतच नाही ना, आजी," भाची म्हणाली.

"दाखव."

टर्मिनल दाखवलं. आईने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक लावलं, आणि मान हलवली. नाही दिसत म्हणाली. माझ्या चाळिशीला जरा बरं वाटलं. मग भाचीने पिशवीतून त्या टिपणाची छापील प्रत काढली, घडी पडलेली, कोपऱ्यावर चहाचा डाग. आईने ती उजेडाकडे धरली. इंग्रजी आज्ञांचा तिला अर्थ लागत नाही, लागायची गरजही नव्हती. मुद्रितं ती नेहमी अर्थ बाजूला ठेवूनच वाचायची. अक्षर वाचायचं, शब्द वाचला की चूक निसटते, हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय.

"ही बघ," ती म्हणाली आणि दुसऱ्या पानावर पेन्सिल टेकवली. कागदावर खरंच सरळ दिसत होतं. एक रेघ एवढी, एक रेघ दीडपट. शनिवारची पूर्ण रात्र आणि रविवारचा दीड तास.

लॅपटॉपवर मेक, म्हणजे खरं कंपाइल करणं, सुरू झालं होतं. जीसीसीच्या ओळींमागून ओळी वर सरकत होत्या आणि भाची ते बघत थंड झालेला चहा पीत होती. मी सीनियरला काय कळवायचं ते तिला सांगत होतो: टिपण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेव म्हणावं, वर्डमध्ये नको.

आईने कागद खाली ठेवला नव्हता. पान उलटलं, पेन्सिल ओळींवरून सरकत राहिली, समासात एक खूण झाली, थोड्या वेळाने आणखी एक.

"तिसऱ्या पानावर अजून दोन आहेत," ती म्हणाली. "आणि इथे दोन छोट्या होत्या वाटतं, त्यांची एक झालीय. मूळ प्रत कुठंय?"